ज्या महिन्यात भिशी सगळ्यांनाच हवी होती

“इंजेक्शन संध्याकाळच्या आत मिळायला हवं,” डॉक्टर म्हणाले. “फुप्फुसं अजून तयार नाहीत. नुसत्या मशीनवर किती वेळ काढणार?”

चिठ्ठी त्यांनी माझ्या मुलाच्या हातात दिली आणि ते आत गेले. मुलगा चिठ्ठीकडे बघत उभा राहिला. सुनेचा रक्तदाब उतरत नव्हता म्हणून बाळ सातव्याच महिन्यात काढावं लागलं होतं. सून वरच्या मजल्यावर, तिला कोणाला भेटू देत नव्हते. बाळ काचेच्या पेटीत. मुलगी. छाती आत जायची आणि परत वर यायचं विसरल्यासारखी थांबायची. मग वर यायची.

औषधांच्या खिडकीवर मुलाने कार्ड दिलं. चाललं नाही. दुसरं दिलं, तेही नाही.

“विमा?” खिडकीतल्या माणसाने विचारलं.

“कंपनीचा होता.”

“मग द्या की कार्ड त्याचं.”

“कंपनीत नाही मी आता.”

त्या माणसाने आमच्यामागच्या गिऱ्हाइकाकडे बघितलं. “हे इंजेक्शन आम्ही ठेवत नाही. कॅम्पातून मागवावं लागतं, आणि ते लोक रोख घेतात. पैसे आणा, दोन तासांत येईल.”

रविवार होता, बँक बंद. सोनं मुलाने फ्लॅट घेतला तेव्हाच मोडलं होतं. माझ्या नवऱ्याच्या, यांच्या, मुदत ठेवीही त्यातच गेल्या होत्या. नातेवाइकांकडे मागायचं तर माझ्या भावाचा मुलगाही माझ्या मुलासारखाच कॉम्प्युटरच्या धंद्यात, तोही आठवड्यापूर्वी घरी बसलेला. मुलगा फोनवर एकेकाशी बोलत होता आणि प्रत्येकाला नोकरी गेल्याचं ऐकवत होता. समोरचे लोकही त्याला बहुतेक तेच ऐकवत असावेत.

मला बसवत नव्हतं. मी यांना म्हटलं, “तुम्ही इथे थांबा. आज भिशी आहे.”

“आज तरी मिळेल का?” हे म्हणाले.

“इतके महिने उचलली नाही ती कशासाठी? बाळंतपणासाठीच ठेवली ना?”

दवाखान्यापासून बिबवेवाडीतल्या आमच्या गल्लीपर्यंत मी चालत निघाले. रिक्षा थांबवायची, भाव करायचा, तेवढा वेळ उभं राहणंही मला जमलं नसतं.

मी चौथी शिकले. पण व्याज म्हणजे काय हे मला कोणी शिकवलं असेल तर भिशीने. आमची भिशी लिलावाची. दर महिन्याला प्रत्येक बाईने ठरलेले पैसे आणायचे, त्यांचा गठ्ठा करायचा. मग बोली. ज्या बाईला गरज असेल ती म्हणते, एवढे पैसे मी सोडते, उरलेले मला द्या. जी जास्त सोडेल तिला गठ्ठा. सोडलेले पैसे बाकीच्यांत वाटायचे. एकदा उचलली की पुन्हा बोली लावायची नाही, पण हप्ते मात्र शेवटपर्यंत भरायचे. घाई नसलेलीने गप्प बसायचं आणि महिन्या-महिन्याला चार पैसे मिळवायचे. व्याज म्हणजे घाईची किंमत. बँकेत त्याला काय म्हणतात ते बँकवाल्यांना माहीत.

भिशी सुरू झाली तेव्हा मोटारी-स्कूटरचे कारखाने माणसं कमी करत होते. नव्या गाड्या येणार, बाहेरच्या कंपन्या येणार म्हणून यांच्या कारखान्याने चाळिशी उलटलेल्यांना पैसे देऊन घरी पाठवलं. हे घरी आले आणि मी डबे सुरू केले. त्या वेळच्या भिशीत कोण नव्हतं? एक भाजीवाली, एक शिवणकाम करणारी, रिक्षावाल्याची बायको, शाळेतली शिपाईण, लग्नात मेंदी काढणारी एक मुलगी, आणि मी. जूनमध्ये शिवणवालीकडे गणवेशाचे पैसे यायचे तेव्हा शिपाईण मुलांच्या पुस्तकांसाठी गठ्ठा उचलायची. लग्नसराईत मेंदीवाली मोकळी, तर पावसात भाजीवाली अडलेली. एकीचा हात आखडला की दुसरीचा सैल असायचा. बोली कधी फार वर गेली नाही. हे कोणी ठरवलं नव्हतं. गल्लीत ज्या होत्या त्या घेतल्या होत्या, इतकंच.

मग मुलं कॉम्प्युटरमध्ये लागली. आमच्या गल्लीत एक एक करून बहुतेकांची. चाळ पाडून इमारत झाली. माझे डबे दुप्पट-तिप्पट झाले, कारण बाहेरगावची पोरं एका खोलीत चार-चार राहायची आणि त्यांतल्या एकालाही भात लावता येत नव्हता. बँकांनी व्याज उतरवलं. त्या व्याजावर आमचं घर चालत होतं, तेव्हा हे रोज पेपर वाचून संतापायचे, आणि त्याच व्याजावर मुलाला घराचं कर्ज स्वस्तात मिळालं म्हणून त्याने पेढे आणले. एकाच घरात एकाच बातमीवर बाप चिडलेला आणि मुलगा खूश. मी यांना विचारलं, “अहो, मग चांगलं झालं की वाईट?”

“देशाला चांगलं,” हे म्हणाले.

“देश कुठे राहतो?”

“तू पोळ्या लाट.”

रुपयाचंही तसंच. रुपया पडला की मुलाच्या कंपनीला डॉलरचे जास्त रुपये मिळायचे, आणि माझा तेलाचा डबा महाग व्हायचा. मुलगा म्हणायचा, “आई, हे आपल्याला फायद्याचं आहे.” मी म्हणायचे, “मग तेलाचे पैसे तू दे.” तो द्यायचा. चांगला मुलगा आहे.

तेव्हा भिशीचं काम पहिल्या मजल्यावरच्या काकू बघायच्या. त्या एका ऑफिसातून मोठ्या जागेवरून निवृत्त झालेल्या. त्यांनी एका रविवारी सांगितलं, आता हप्ता वाढवायचा, कारण आपली कमाई वाढली आहे. आणि ज्यांची कमाई पक्की नाही त्यांना ठेवायचं नाही. “उद्या कोणी बुडवलं तर कोण जबाबदार? ज्या घरात दर महिन्याच्या पहिल्या तारखेला पगार येतो, तेवढ्याच घरांची भिशी करू.”

सगळ्यांना पटलं. मलाही पटलं. न पटण्यासारखं त्यात काय होतं? भाजीवालीचा हप्ता महिन्यातून दोनदा चिल्लर होऊन यायचा. रिक्षावाल्याची बायको उशीर करायची. त्या बाहेर गेल्या आणि आम्ही उरलो त्या सगळ्या कॉम्प्युटरवाल्यांच्या आया. पुण्यात एवढी भक्कम भिशी दुसरी नाही, असं काकू म्हणायच्या. सहा वर्षं ती खरंच भक्कम होती. एका पैशाचा घोळ नाही. लोकांनी भिशीतून सोफे घेतले, एकीने गाडी घेतली.

जाताना भाजीवाली जिन्यात एवढंच म्हणाली होती, “ऱ्हावा आता एका जातीच्या.” आम्हाला राग आला. जातीचं काय त्यात? आमच्यात तर सगळ्या जातींच्या बायका होत्या.

मी जिना चढून काकूंच्या दारात आले तेव्हा आत सगळ्या आलेल्या होत्या. पोह्यांच्या बशा तशाच पडलेल्या. एरवी बोलीच्या वेळी निम्म्या बायका एकमेकींना साड्या दाखवत असतात.

मी चपला न काढताच म्हटलं, “आज मला द्या. नात पेटीत आहे. संध्याकाळच्या आत इंजेक्शन आणायचंय.”

“अगं बाई!” दोघी-तिघी म्हणाल्या.

“बोली लावा तुम्ही,” काकू म्हणाल्या. “नियम आहे.”

मी पाचवा भाग सोडला. आमच्याकडे एवढी बोली कधीच झाली नव्हती.

समोर बसलेली एक म्हणाली, “मी चौथा भाग सोडते.” तिच्या मुलाचे घराचे दोन हप्ते थकले होते.

“तुम्हाला लाज नाही वाटत? तिची नात...” कोणीतरी बोललं.

“मला घर नाही वाटतं? तुम्ही देता का राहायला जागा?”

“मी तिसरा सोडते,” मी म्हटलं.

कोपऱ्यातून गाडीवाली म्हणाली, “मला उचलताच येत नाही, नाहीतर मी निम्मा सोडला असता.” त्यावर एकजण हसली. तेवढ्यात जिने कधी बोली लावली नव्हती अशी एक अगदी हळू आवाजात म्हणाली, “मी निम्मा सोडते.” तिच्याकडे काय अडलं होतं ते तिने सांगितलं नाही. मी विचारलंही नाही. मला तिचा राग आला होता.

मी म्हटलं, “निम्म्याहून जास्त. काय उरेल ते द्या. आत्ता द्या.”

काकूंनी समोरचा स्टीलचा डबा उघडला. त्यात दोन पाकिटं होती. एक त्यांचं स्वतःचं, एक माझं, जे मी सकाळीच दवाखान्यात जाताना देऊन गेले होते.

“बाकीच्यांचे?” मी विचारलं.

कोणी आणलेच नव्हते. जिची उचलायची राहिली होती तिला वाटलं होतं की आज आपण उचलू, आपला हप्ता त्यातूनच कापून घेतील; आणि उचलून झालेल्यांना वाटलं, बाकीच्या तर आणतीलच. आम्ही अर्धा तास घसा कोरडा करून लिलाव करत होतो तो रिकाम्या डब्याचा.

“तुमचा मुलगा अजून कामावर आहे ना?” मी गाडीवालीला म्हटलं. “तुम्ही का नाही आणले?”

“आहे कुठला! बेंचवर बसवलंय.”

मला बेंच शब्द तेव्हाच कळला होता. आमच्या शाळेत बेंचवर उभं करायचे, मुलांच्या कंपनीत बसवतात. काम नाही, पगार अर्धा, आणि बोलावणं येईल म्हणून वाट बघायची. अमेरिकेत बँका बुडाल्या. त्या बँकांचं काम आमची मुलं करत होती. यांनी पेपर वाचून मला सांगितलं होतं, “मंदी तिकडे आहे, इकडे काय संबंध?” तोवर माझे डबे निम्म्यावर आले होते. पोरं गावी निघून गेली होती. डबे उतरले म्हणून मी पोळ्या लाटायला येणाऱ्या बाईला येऊ नको म्हटलं. तिने दुधाचा रतीब बंद केला. दूधवाल्याने आमच्याच इमारतीतल्या एकीकडे मुलाची शिकवणी लावली होती, ती काढली. शिकवणीवालीने माझ्याकडचा रविवारचा डबा थांबवला. तो तिचा डबा तिने का थांबवला हे मला बरेच दिवस कळत नव्हतं. मी काटकसर केली ती फिरून माझ्याच दारात आली. एकट्या घराने हात आखडला तर ते घर तरतं. सगळी गल्ली एकाच वेळी हात आखडते तेव्हा कोणाच्याच हाती काही येत नाही.

पण हे सगळं मी आत्ता लिहिते आहे. तेव्हा मी माझं पाकीट उचललं आणि जिना उतरले. मागून काकू म्हणाल्या, “ते भिशीचं आहे.” मी वळले नाही.

भाजीवाली चौकातच बसायची. काढलेल्यांनी आपली वेगळी भिशी सुरू केल्याचं मी ऐकून होते. तिच्याशी मी सहा वर्षांत धड बोलले नव्हते. बोलायचं टाळायचं म्हणून भाजी पुढच्या रस्त्यावरून आणायचे. समोर जाऊन उभी राहिले. तिने मला बघितलं आणि गिऱ्हाइकाला मेथी देत राहिली.

“तुमची भिशी अजून चालू आहे का?” मी विचारलं.

“हाय की. दर रविवारी. लहान हाय आमची. गणतीत नाय धरायची.” मग गिऱ्हाइकाला, “ताई, वांगी बगा, काटेरी हायत.” मग मला, “का? पगार न्हाय झाला का पयल्या तारखेला?”

मी सांगितलं. पेटी, इंजेक्शन, संध्याकाळ. तिने वांगी तोलली, पैसे घेतले, सुटे परत दिले. मी उभी होते. पाय नुसते वळवळत होते. तिला हलवावं, ओरडावं असं वाटत होतं, पण गिऱ्हाईक तिचं, वेळ तिचा.

“एवढे पैसे आमच्या एका भिशीत नसतात,” ती शेवटी म्हणाली.

“जेवढे असतील तेवढे.”

“आन् आजची झाली दुपारी. कुकरवाल्यानं उचलली.” ती उठली, शेजारच्या फुलवालीला म्हणाली, “जरा बग गं,” आणि माझ्या पुढे चालायला लागली.

वाटेत मी म्हटलं, “तुमच्याकडे कोणी हप्ते थकवले नाहीत या मंदीत?”

“थकवले ना. मेंदीवालीचे चार रविवार थकलेत. मोठी लग्नंच नाय यंदा. रिक्षावालीचं बी कमी झालंय. पन कुकरवाल्याचं वाढलंय. नवा कुकर घ्यायला पैसा न्हाय लोकांकडं, मग जुन्याला शिट्टी बसवून घेत्यात.” ती थांबली. “आमी काय हुशार नाय वो ताई. आमाला कुनी घेतलं न्हाय म्हनून आमी एकत्र.”

कुकरवाल्याचं दुकान म्हणजे दोन जिन्यांमधली फट. माणूस जाडजूड, मांडीवर कुकरचं झाकण. भाजीवालीने त्याला चार वाक्यांत सगळं सांगितलं आणि वर म्हणाली, “मी जामीन ऱ्हानार नाय. ह्यांनी आमाला काढलं व्हतं. पन लेकरू लेकरू हाय. तू तुजं बग.”

“मला माल भरायचाय,” तो म्हणाला. “शिट्ट्या, रिंगा. उद्या मुंबईहून माणूस येणार.”

“माल पुढच्या आठवड्यात येईल,” मी म्हटलं. “तुम्ही जेवढे सोडून उचलली तेवढे वर देते. त्याहून जास्त देते.”

“तुम्ही त्या डबेवाल्या ना? पिवळ्या झाकणाचे डबे?”

“हो.”

“आमटी तुमचीच का? समोरच्या लॉजवरचे पोरगे द्यायचे मला कधी उरली तर.” त्याने झाकण खाली ठेवलं. “व्याज नको. वर्षभर डबा द्या. दोन वेळचा.”

“वर्षभर? अहो, डाळ किती महागली आहे!”

“म्हणूनच तर. पैसे घेतले तर वर्षाने त्यात काय येणार? तुमची आमटी मात्र एक वाटी ती एक वाटीच.”

“तो खादाड हाय,” भाजीवाली मला म्हणाली. “भाव करा.”

मी भाव केला. खरंच केला. नात पेटीत असताना मी त्या दुकानासमोर उभी राहून एक वेळचा डबा की दोन वेळचा यावर घासाघीस केली, कारण दोन वेळचा मला झेपला नसता आणि न झेपणारं कबूल करून उद्या तोंड लपवत फिरायची मला सवय नव्हती. एक वेळचा ठरला, रविवारी गोड. मुद्दल दर रविवारी थोडं थोडं त्यांच्या भिशीत भरायचं. त्याने पोत्याखालून कापडी पिशवी काढली. शंभरच्या, पन्नासच्या, दहाच्या नोटा.

“कमी पडतील,” मी म्हटलं.

“पडतील,” भाजीवाली म्हणाली. तिने कमरेची पिशवी सोडली, त्यातले दिवसाचे पैसे माझ्या पदरात ओतले. “ह्ये उद्या मंडईचे हायत. मला उद्या पाटे चारला माल उचलाय जायाचंय. त्याआधी आना. न्हाय आनले तर दारात येऊन बसंन, सांगून ठेवते. सगळ्या बिल्डिंगीला ऐकवीन.”

“आणीन.”

“कुठनं?”

मला माहीत नव्हतं. तिलाही माहीत होतं की मला माहीत नाही. ती पाठ फिरवून मेथीकडे गेली.

या वेळी रिक्षा केली. खिडकीतल्या माणसाने दहाच्या नोटा बघून तोंड वाकडं केलं आणि मोजायला शेजारच्याला दिल्या. मुलगा भिंतीला टेकून उभा होता. त्याने विचारलं, “भिशी मिळाली?”

“नाही.”

“मग हे?”

“डब्याचे. आगाऊ.”

यांना त्यातलं काही पटलं नाही, पण या वेळी त्यांनी पेपरातलं काही सांगितलं नाही. गुपचूप घरी गेले आणि आपली जुनी स्कूटर एकाला विकून आले. रविवारी संध्याकाळी, अर्ध्या किमतीला. पहाटे चारच्या आधी भाजीवालीचे पैसे त्यांनीच नेऊन दिले. पुढच्या दिवसांचं दवाखान्याचं बिल कसं कसं दिलं ते मी सांगत बसणार नाही. मुलाने फ्लॅट विकला. सगळेच विकत होते, त्यामुळे मिळायला हवी होती ती किंमत मिळाली नाही. वर्षाने त्याला काम लागलं, आधीपेक्षा कमी पगारावर, विश्रांतवाडीला. तो तिकडेच भाड्याने राहिला.

काकूंची भिशी त्या रविवारनंतर भरली नाही. कोणी बुडवली असं म्हणता येत नाही. एकही बाई खोटी नव्हती. प्रत्येकीचं घर वेगळं बघितलं तर भक्कमच होतं. लोक अजून भांडतात, कोणाचं किती राहिलं त्यावरून.

कुकरवाल्याला मी वर्षभर डबा दिला. डाळ आणखी महागली. त्याने एकदाही आमटी पातळ असल्याचं बोलल्याशिवाय डबा परत केला नाही.

त्या रविवारी इंजेक्शन साडेपाचच्या सुमारास आलं. डॉक्टरांनी आम्हाला बाहेर काढलं. त्या रात्री काही कळलं नाही, दुसऱ्या दिवशीही नाही. शेजारच्या पेटीत एका व्यापाऱ्याचा मुलगा होता, आमच्या मुलीहून वजनाने जास्त. त्याला तेच इंजेक्शन आदल्या दिवशीच दिलं होतं, पैशाची काही अडचण नव्हती. तो चौथ्या दिवशी गेला. सुनेचा रक्तदाब आठवड्याने उतरला. सून जगली आणि मुलगी जगली.